तीन ओळींचा उसासा

आईच्या कानामागे ‘निवांत’ बसवलं ते केतकीनेच. तिचं कामच होतं ते. खारवेळ बंदराच्या सरकारी रुग्णालयात ती श्रवणतज्ज्ञ होती. म्हाताऱ्या खलाशांना श्रवणयंत्रं लावून द्यायची, ती शिट्टी मारायला लागली की दुरुस्त करायची, आणि ‘आता ऐकू येतंय ना?’ हा प्रश्न दिवसभर ओरडून विचारायची. मग ‘अथांग’ नावाच्या शीतगृहात अमोनियाची टाकी फुटली, आणि महिनाभरात तिच्या टेबलावर श्रवणयंत्रांच्या जागी निवांतचे खोके येऊन पडले. शीतगृहाच्या कंपनीची भेट. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना फुकट, शेजारपाजाऱ्यांनाही फुकट.

केतकीचा धाकटा भाऊ सुजय त्या शीतगृहात इलेक्ट्रिशियन होता. सकाळच्या पाळीला गेला तो परत आलाच नाही. वडील आधीच गेलेले. घरात आता दोघीच, आई आणि केतकी.

आईचं रडणं थांबत नव्हतं. जेवताना, भांडी घासताना, दुधाची पिशवी फोडताना ती मधेच खाली बसायची आणि तोंडात पदर कोंबायची. म्हणून केतकीने खोका उघडला. करंगळीएवढी पांढरी पट्टी आईच्या कानामागे चिकटवली, बटण दाबलं, आणि पट्टीतून एका बाईचा संथ आवाज आला. तीन ओळी. मधे दोन थांबे. तिसरी ओळ संपली तशी आईच्या छातीतून एक उसासा निघाला, उन्हातून आलेल्या माणसाने माठातलं पाणी पिऊन सोडावा तसा. तिचे खांदे खाली आले.

“किती सुंदर गो, केतके,” आई म्हणाली.

त्या दिवशी केतकीला हायसं वाटलं. ते तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

निवांतमागचं शास्त्र तिला ठाऊक होतं, प्रशिक्षणात शिकवलं होतं. आपला मेंदू सतत पुढचं ताडत असतो. वाक्य अर्धं ऐकलं की उरलेलं तो आधीच भरून टाकतो. तीन ओळींचा जपानी हायकू नेमकी तिथे खोडी काढतो. दोन चित्रं शेजारी ठेवतो आणि त्यांच्यामधला दुवा सांगतच नाही. मेंदूची गाडी थबकते. क्षणभर तो बाहेरचं जग बंद करून घेतो, आपण विचार करताना डोळे मिटतो तसं. मग आतल्या आत तो दुवा सापडतो, आणि उजव्या कानाच्या वरच्या भागात विजेची एक चमक उठते. ‘अरेच्चा!’ म्हणताना होतो तो आनंद त्या चमकेचा. मुरलेल्या वाचकाच्या मेंदूत थबकणं लांबतं आणि चमक खोलवर पसरते. निवांत बनवणाऱ्यांनी अशा एका वाचकाचा मेंदू कित्येक महिने नोंदवून ठेवला होता. कानाला ऐकू न येणाऱ्या बारीक ध्वनिलहरी कवटीतून आत सोडून ते तीच थबक आणि तीच चमक कुणाच्याही डोक्यात उठवू शकत होते. पट्टीला एक चिमुकला माइक होता. तीन छोटे तुकडे आणि मधले दोन थांबे कानावर पडले, की दुसऱ्या थांब्यानंतर ती आपलं काम करायची.

थोडक्यात, कोडं न घालताच ते सुटल्याचं समाधान मिळायचं. दिवसातून शंभर वेळा मिळालं तरी ते शिळं होत नव्हतं.

आईचं रडणं थांबलं. पुढे बाकीचंही थांबायला लागलं. सुजयच्या मित्राने त्याची मोटारसायकल आणून दारात लावली, तर आई तिच्याकडे पाहून हसली. “बघ,” ती म्हणाली, “उभी आहे. चाकं आहेत. जाणारा नाही.” आणि तिने उसासा सोडला. केतकीच्या हातातलं ताट खाली पडलं. आईला तीन तुकड्यांत बोलायची सवय लागली होती. ती स्वतःच बोलायची आणि स्वतःच तृप्त व्हायची.

सगळ्या बंदराचं असंच झालं होतं. जेटीवर, राशनच्या रांगेत, देवळाच्या ओट्यावर जिकडेतिकडे उसासे. शीतगृहाच्या फाटकासमोर आठवड्यामागून आठवडे बसलेलं धरणं कुणी न उठवता उठलं.

केतकीच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि तो राग काढायला तिला माणूस मिळालं, केळुसकर बाई.

शैलजा केळुसकर सत्तरी ओलांडलेल्या होत्या. उमेदीची वर्षं त्यांनी पुण्यात जपानी भाषा शिकवण्यात घालवली होती आणि उतारवयात माहेरच्या गावी येऊन राहिल्या होत्या. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्या हायकूवाचनाचा वर्ग घ्यायच्या. पूर्वी त्यांच्या वर्गाला दोन माणसं यायची, त्यातला एक पंख्याच्या वाऱ्यासाठी. आता सतरंज्या पुरत नव्हत्या. निवांतमध्ये ज्या वाचकाचा मेंदू भरला होता, तो वाचक म्हणजे बाईच होत्या. तो संथ आवाजही त्यांचाच.

एका रविवारी केतकी आईबरोबर वर्गाला गेली. बाईंनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या आणि वाचल्या.

*रिकामं जाळं*
*दोरीच्या गाठीत अडकून*
*एक खवला*

सगळ्या सभेने उसासा टाकला. “सुंदर,” पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. “सुंदर,” मागून कुणीतरी म्हणालं. बाईंचा चेहरा उजळला.

वर्ग सुटल्यावर केतकी त्यांच्यासमोर उभी राहिली. “बाई, माझा भाऊ मेला. माझी आई त्याच्या गाडीवर कविता करते. हे तुम्ही केलंत.”

बाई फळा पुसत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “तुझी आई त्याआधी काय करत होती?”

“रडत होती.”

“मग?”

“मग काय? रडायलाच हवं होतं तिने! ज्यांनी टाकीची देखभाल केली नाही ते गाड्या उडवत फिरतायत, आणि इथे माणसं ‘सुंदर, सुंदर’ करतायत. कशाला सुंदर म्हणतायत ते तरी त्यांना कळतंय का? तीन ओळींत असतं तरी काय? काहीसुद्धा नसतं!”

आता मात्र बाई वळल्या. त्यांच्याही आवाजाला धार आली. “तीस वर्षं मी लोकांच्या पाया पडत होते, जरा थांबा, दोन मिनिटं बघा, म्हणून. कुणाला वेळ नव्हता. आज कोळीवाड्यातल्या बाया हायकू ऐकून डोळे मिटतात. मला त्याची लाज वाटावी असं तुझं म्हणणं आहे?”

“त्या ऐकत नाहीत. त्यांच्या डोक्यात पट्टी वाजते.”

“तू पट्टी लावत नाहीस ना? मग ये गुरुवारी. वर्ग नसतो तेव्हा. आणि मला सिद्ध करून दाखव, की तीन ओळींत काही नसतं.”

केतकी घरी आली ती तावातावानेच. आई तिच्याआधीच येऊन आरामखुर्चीत बसली होती. कानामागे पट्टी, डोळे अर्धे मिटलेले. कोनाड्यातल्या सुजयच्या फोटोसमोर उदबत्ती विझून गेली होती.

“आई, पट्टी काढ.”

“असू दे गो.”

“काढ म्हणते ना!” आणि तिने हात घालून पट्टी ओरबाडून काढली.

आई क्षणभर गोंधळून बघत राहिली. मग तिची नजर फोटोवर गेली, आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो केतकीने कुठल्याही माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. आई खुर्चीवरून घसरली. जमिनीवर कपाळ आपटू लागली. इतक्या दिवसांचं साचलेलं एकदम फुटलं होतं. “सुज्या रे... माझ्या सुज्या... मी तुझ्यासाठी रडलेसुद्धा नाही रे...” केतकीने तिला मिठीत धरायला बघितलं, तर आईने तिला ढकललं. श्वास अडकायला लागला, ओठ निळे पडायला लागले.

केतकीने पट्टी पुन्हा चिकटवली. बटण दाबलं. बाईंचा संथ आवाज. तीन ओळी. उसासा.

आई शांत झाली. कपाळावरचं रक्त पदराने पुसत हळूच म्हणाली, “मला शांती नको का गो? एवढं काय मागितलं मी?”

स्वयंपाकघरात जाऊन केतकीने नळ सोडला आणि ओट्यावर मूठ आपटत राहिली.

गुरुवारी ती वाचनालयात गेली. बाईंनी एक कागद पुढे केला.

*भिजली पायरी*
*कुणीतरी उठून गेल्याची*
*कोरडी जागा*

“वाच.”

“वाचलं.”

“काय दिसलं?”

“पायरी. ओली. मधे कोरडी. झालं.”

“झालं कसं? पुन्हा वाच. शब्द नको वाचूस. तो माणूस बसला होता तेव्हा काय चाललं होतं?”

“मला काय माहीत!”

“मला तरी कुठे माहीत आहे? ओळींत लिहिलेलं नाही. म्हणून तर तुझी गरज आहे.” बाईंनी चष्मा काढला. “हायकू अर्धाच लिहितात. अक्षरं मोजणं वगैरे ठीक आहे, पण खरी गोष्ट ती नाही. उरलेला अर्धा वाचणाऱ्याने घरून आणायचा. कविता घरी घेऊन जा. भाजी चिरताना, बसची वाट बघताना तोंडात धर. चावू नकोस. आणि सुंदर आहे असं मला सांगायला येऊ नकोस.”

केतकीने ती कविता तोंडात धरली, ती निव्वळ खुन्नस म्हणून. रुग्णालयात कानाचे साचे घेताना ती म्हणायची, भिजली पायरी. जिना उतरताना म्हणायची. काही होत नव्हतं. पुढच्या गुरुवारी बाईंना तसं तिने छातीठोकपणे सांगितलंही. बाई नुसतं “बरं” म्हणाल्या आणि त्यांनी चहा केला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच.

मग एका दुपारी ती रुग्णालयाच्या मागच्या दारात उभी होती. थंडीतली अवकाळी भुरभुर चालू होती. रुग्णवाहिका इतका वेळ उभी होती ती निघून गेली, आणि तिच्याखालचा कोरडा चौकोन उघडा पडला. केतकी बघत राहिली. चौकोनावर एक थेंब पडला. मग दुसरा. कडा आत सरकायला लागल्या.

आणि तिला ती पायरी दिसली. पायरीवरची जागा कोरडी *आहे*, कारण माणूस *आत्ताच* उठलाय. पाऊस थांबलेला नाही. अजून थोडा वेळ, की ती जागाही भिजेल. मग इथे कुणी बसलं होतं हे कुणालाच सांगता येणार नाही. ती ओळ शांत नव्हतीच. ती घाईची होती. बघ, बघ, आत्ता बघ, पुसलं जातंय, असं ओरडत होती. सुजयच्या जागेवर दररोज पाणी पडत होतं, आणि सगळं गाव उसासे टाकत बघत होतं.

ती त्या भुरभुरीत वाचनालयापर्यंत चालत गेली. बाई खाली वर्तमानपत्रं लावत होत्या.

“बाई, तुमची कविता कळली मला. शांती वगैरे काही मिळाली नाही. मी संतापलेय. इतकी संतापलेय की तुमचं हे टेबल उलटं करावंसं वाटतंय.” आणि तिने कोरड्या चौकोनाचं सगळं सांगितलं, एका दमात, श्वास न घेता.

बाई मटकन खुर्चीवर बसल्या.

“तुझ्यासारखा संताप मला या ओळींत कधी दिसला नव्हता,” त्या म्हणाल्या. “मला माझी आई दिसायची. तिच्या ओट्यावरची जागा. पण हेही आहेच त्यात.” त्या थांबल्या. “केतकी, रविवारच्या वर्गात इतकी माणसं येतात. एकानेही मला न दिसलेलं काही मला सांगितलं नाही. एकजणही दुसऱ्याशी भांडला नाही. खवल्याच्या कवितेत त्या घरी चूल पेटली असेल का, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. सगळे म्हणतात, सुंदर.” त्यांनी हात पुढे केला. “तुझ्या पिशवीत एखादी पट्टी असेल ना? लाव मला.”

“तुम्ही कधी लावली नव्हती?”

“मला काय गरज? ती माझीच आहे असं मी समजत होते.”

केतकीने पट्टी लावली. बाई म्हणाल्या, “वाच काहीतरी.” केतकीने पायरीची कविता वाचली. बाईंनी डोळे मिटले, उसासा टाकला. “हो. अगदी असंच वाटतं मला. हुबेहूब.” मग त्या म्हणाल्या, “आता दुसरं काही वाच. काहीही.”

टेबलावर वर्तमानपत्र होतं. केतकीने जाहिरातीतून उचलून वाचलं. “घरबसल्या कमवा. अनुभवाची गरज नाही. आजच फोन करा.”

बाईंच्या छातीतून तोच उसासा निघाला. तोच, तसूभरही कमी नाही. डोळ्यांच्या कडा ओलावल्या. आणि मग त्यांनी डोळे उघडले तेव्हा केतकीला भीती वाटली, इतका तो चेहरा पांढरा पडला होता. बाईंनी पट्टी उपटून टेबलावर फेकली.

“हरामखोर,” त्या म्हणाल्या. आयुष्यभर शुद्ध तुपातलं मराठी बोललेली बाई. “मला म्हणाले होते, बाई, तुमचं वाचन जपून ठेवू. त्यांनी माझं वाचन नाही घेतलं. वाचून झाल्यावरचा उसासा तेवढा घेतला. आंबा टाकून दिला आणि ढेकर विकायला काढला!”

जनसुनावणी त्याच आठवड्यात होती. शीतगृह पुन्हा सुरू करायचं की नाही, याबद्दल गावाचं म्हणणं नोंदवून घ्यायला जिल्ह्याहून सुनावणी अधिकारी आले होते, रणदिवे नावाचे. मच्छीमार सोसायटीचं सभागृह खच्चून भरलं होतं, आणि जवळजवळ प्रत्येक कानामागे पांढरी पट्टी होती. आई दुसऱ्या रांगेत बसली होती. केतकीला बघून हसली.

कंपनीचा जनसंपर्क अधिकारी तुषार वाघधरे बोलायला उभा राहिला. टापटीप कपडे, पडेल चेहरा. जे घडलं त्याचं आम्हालाही दुःख आहे, पण गावाने पुढे जायला हवं, असं म्हणून त्याने हात जोडले आणि सावकाश म्हटलं,

*वारा येतो, जातो*
*झाड कुणालाच विचारत नाही*
*पान का गळलं*

सभागृहातून उसासा उठला. शेकडो छात्या एकाच वेळी रिकाम्या झाल्या. तुषारने क्षणभर थांबून विचारलं, “तर मग, शीतगृह सुरू करायला आपली हरकत नाही ना?” आणि हात वर जायला लागले. संथपणे, एकामागून एक. आईचाही.

केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “थांबा!” ती ओरडत पुढे गेली. “यांना काय विचारताय? हे शुद्धीवर नाहीत! दारू पाजून अंगठे घ्यावेत तसं चाललंय हे!”

“बाई, आपण भावनेच्या भरात आहात,” तुषार मऊपणे म्हणाला. “आपल्यालाही एक पट्टी—”

“तुझी पट्टी तुझ्या—”

“केतकी.” मागून केळुसकर बाईंचा आवाज आला. त्या काठी टेकत व्यासपीठाकडे आल्या. रणदिवेंना म्हणाल्या, “साहेब, त्या पट्टीतला आवाज माझा आहे. मला एक मिनिट द्या.”

रणदिवेंनी मान हलवली. बाईंनी आधी सभेकडे बघितलं. “आत्ता यांनी म्हटलं त्याला हायकू म्हणत नाहीत. काय वाटलं पाहिजे ते हायकू सांगत नाही. यांनी तुम्हाला झाड केलं आणि झाडाने गप्प बसावं असं सांगितलं.” कुणी हललं नाही. मग बाई वळल्या आणि सभागृहाच्या भिंतीवर सोसायटीने रंगवलेली सूचना त्यांनी आपल्या संथ आवाजात वाचली.

“पंखे बंद करा. खुर्च्या उचलून ठेवा. पान खाऊन थुंकू नये.”

सभागृहाने उसासा टाकला.

पाठीमागे कुणीतरी “सुंदर” म्हणालं. रणदिवेंच्या हातातलं पेन थबकलं. त्यांनी शेजारच्या लिपिकाकडे बघितलं, लिपिकाने भिंतीकडे.

“आणखी एकदा,” रणदिवे म्हणाले. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

बाईंनी तोंड उघडलं, पण त्याआधीच केतकी बोलली. काय बोलायचं हे तिने ठरवलं नव्हतं. तिचा आवाज ओरडून ओरडून बसला होता, त्यामुळे शब्द सावकाशच आले.

“भोंगा बंद होता. दाराला बाहेरून कुलूप होतं. माणसं दाराशीच सापडली.”

सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट. कामगार चहाला सटकतात म्हणून लावलेलं कुलूप.

आणि सभागृहाने उसासा टाकला. तृप्त, लांब, गोड उसासा. ज्यांची माणसं दाराशी सापडली होती त्यांनीच टाकला. आईनेही टाकला. डोळे मिटून, ओठांवर किंचित हसू ठेवून.

रणदिवे उभे राहिले. तुषार घाईघाईने काहीतरी बोलायला लागला होता, पण केतकीला ऐकू येत नव्हतं. ती आईकडे बघत होती. आईने डोळे उघडले. लेकीचा चेहरा तिला दिसला असावा. तिच्या कपाळावर, त्या दिवशीच्या जखमेच्या वर, एक आठी पडली. आपल्या तोंडून आत्ता काहीतरी निघालं आणि ते कशावर निघालं हे ती आठवू पाहत होती. मग तिने आपणहून हात वर नेला आणि पट्टी काढली.

“पुन्हा म्हण,” आई म्हणाली.

“आई, नको.”

“म्हण, सांगते ना.”

केतकीने पुन्हा म्हटलं. या वेळी आईने उसासा टाकला नाही. तिने दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरली आणि ती धरूनच हुंदके द्यायला लागली. ते सभागृहभर ऐकू जात होते. शेजारच्या माणसाने तिच्याकडे बघितलं आणि आपल्या कानामागे हात नेला. मग मागच्या रांगेतल्या दोघींनी. सगळ्यांनी नाही, पण पुष्कळांनी. रडण्याचा कल्लोळ उठला. रणदिवेंनी सुनावणी तहकूब केली.

बाहेर पडताना एक बाई गर्दीतून केतकीपर्यंत आली. मनीषा हेदुकर, तिचा नवरा त्याच पाळीला होता. तिने काडकन केतकीच्या थोबाडीत मारली.

“तुला काय गरज होती गो? तुझा भाऊ गेला. माझ्या घरात तीन पोरं आहेत. त्यांना मी हसत जेवायला वाढत होते. आता कशी वाढू?”

केतकी गालाला हात लावून उभी राहिली. तिला राग आला नाही असं नाही, पण तो मनीषावर नव्हता. दुसऱ्या दिवशी मनीषा रुग्णालयात आली, तेव्हा केतकीने तिच्या कानामागे नवी पट्टी बसवून दिली. “घाल,” ती म्हणाली. “पोरांना वाढताना घाल, झोपताना घाल. फक्त कुणी तुझी संमती मागायला आलं, की काढून ठेव.”

जिल्ह्याहून नंतर तसाच हुकूम निघाला. निवांत लावलेल्या माणसाचं मत नोंदवलं जाणार नाही. नवी सुनावणी ठरली. केळुसकर बाईंनी आपली नोंद परत मागितली. निवांत बनवणाऱ्यांनी ती आता आमची मालमत्ता आहे असं कळवलं, म्हणून बाई कोर्टात गेल्या. त्यांचा वर्ग आता गुरुवारी भरतो. त्याला मूठभरच माणसं येतात आणि एकेका कवितेवरून कडाकडा भांडतात.

घरात आईने पट्टी पुन्हा लावली नाही. त्यामुळे घर काही सुखाचं झालं नाही. ती पूर्वीसारखी रडायची, आणि रडून झालं की चिडायची. भांडी आदळायची, दूधवाल्याला शिव्या द्यायची, केतकीला म्हणायची, “तू मला ते लावलंसच का?” केतकी म्हणायची, “तू मरत होतीस.” “मग मरू द्यायचं!” मग दोघी कडाक्याने भांडायच्या, आणि भांडता भांडता सुजयचं नाव निघायचं. त्याचा हट्टीपणा, त्याने तोडलेला मिक्सर, त्याची ती घाणेरडी शीळ. कितीतरी दिवसांनी घरात त्याच्याबद्दल बोलणं होत होतं.

दुसऱ्या सुनावणीला दारातच कान तपासले गेले. आईचं नाव पुकारलं तशी ती उठली आणि माइकपाशी गेली. पहिलं वाक्य बोलायच्या आधीच तिचा आवाज फुटला. दुसरं तिने इतक्या जोरात म्हटलं, की स्पीकरने शिट्टी मारली. समोर बसलेल्या तुषारकडे बोट करून ती बोलत होती.

“शुभांगीताई, बसून बोला,” रणदिवे समजुतीने म्हणाले. “जरा शांत व्हा.”

आईने पदराने तोंड पुसलं. माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“मागच्या वेळी शांत होते मी, साहेब,” ती म्हणाली. “तेव्हा तुम्ही माझा हात मोजत होतात.”

रणदिवेंनी मान खाली घातली, मग लिपिकाकडे वळून म्हणाले, “लिहून घ्या. शब्द न् शब्द.”

आणि आई उभ्यानेच बोलायला लागली.